हिरवी कांडी, चामड्याची फळी अन् सासऱ्यांचा वस्तरा : ७ महिने वापरून लिहून राहिलो

पाचपैकी साडेतीन स्टार. दीड स्टार कुठं कापले ते खाली येईलच, पण ज्याला एवढं वाचायचा कंटाळा असेल त्याच्यासाठी आधीच सांगून टाकतो, वस्तरा परजायची, म्हणजे धार घोटायची, चामड्याची फळी चांगली, तिच्यावर चोळायची हिरवी कांडी चांगली, सोबत जो माहितीचा कागद येते तो मात्र चुलीत घाला. माझा वस्तरा त्या कागदानं खराब केला, मालानं नाही.

मी दर्यापूर तालुक्यातला. म्हणजे खारपाणपट्टा. बोअरचं पाणी असं की साबण घासघास घासला तरी फेस येत नाही, अन् पाण्याचे थेंब पात्यावर तसेच वाळले की दुसऱ्या दिवशी तांबूस ठिपके. दाढी माझी पऱ्हाटीच्या खुंटासारखी. ते तीन-चार पात्यांचं रेझर दोन दाढीत बोथट होते अन् एका काड्रिजचे पैसे ऐकले की सरकीचा भाव आठवते. सलूनमध्ये आता वस्तरा म्हणजे अर्धं ब्लेड खोचायचा दांडा, दर गिऱ्हाइकाला नवं ब्लेड, अन् ते बरोबरच आहे, एकाचा वस्तरा दुसऱ्याच्या गालावर नकोच. पण घरी आपला आपण वापरायला खरा वस्तरा असला तर काय वाईट, म्हणून सासऱ्यांच्या पेटीतला जुना वस्तरा मागून आणला. जर्मनीतल्या झोलिंगेनचा शिक्का आहे त्याच्यावर, पातं सहा सूत म्हणजे पाऊण इंच रुंद, मूठ काळी, एका बाजूनं जराशी तडकलेली. धार पार मेलेली होती. दगडावर कशी उठवली तो वेगळा विषय, १००० नंबरचा एक दगड अन् ४०००-८००० चा जोडदगड घेतला (नंबर जितका मोठा तितका दगड बारीक), पंधरा दिवस बायकोच्या शिव्या खाल्ल्या अन् एकदाची धार आली. ८००० वरून उतरलेला वस्तरा दाढी करते, पण गालावर जाळ होते. तिथून पुढं जे काम राहते ते ह्या फळीचं अन् हिरव्या कांडीचं.

सामान काय येते ते पाहा. लाकडाची फळी, मुठीसकट हातभर लांब, दोन्ही बाजूनं चामडं चिकटवलेलं, रुंदी अडीच इंच. एका अंगाला गुळगुळीत, दुसऱ्या अंगाला खरबरीत म्हणजे चामड्याची उलटी बाजू. सोबत चांदीच्या कागदात गुंडाळलेली हिरवी कांडी, खडूपेक्षा जाड, साबणासारखी. सगळं मिळून ११५० रुपये पडले. कुरिअरवाला आमच्या गावात येत नाही, फोन करून म्हणते, "भाऊ, दर्यापूरच्या स्टँडवर आहो, येऊन घेऊन जा." त्याचे स्टार कापत नाही, रस्ताच तसा आहे.

कांडीतला हिरवा रंग म्हणजे क्रोमियम ऑक्साइड. मेणात कालवलेलं असते. चांगल्या प्रतीचा दाणा साधारण अर्ध्या मायक्रॉनचा, म्हणजे आपला केस ७० मायक्रॉन धरला तर त्याचा शंभरावा हिस्सा पण नाही. दाणा बारीक आहे पण पोलादापेक्षा कडक आहे, म्हणून तो पोलाद खरवडते. हे इथं नीट समजून घ्या, कारण माझी सगळी चूक ह्याच एका गोष्टीत झाली. कोरं चामडं धार बनवत नाही, असलेली धार सरळ करते, घोटते, चकाकी देते. कांडी लावलेलं चामडं म्हणजे मात्र एक प्रकारचा दगडच झाला, फक्त मऊ दगड. अन् दगड मऊ असला की तो दाबला जाते, पातं पुढं सरकलं की मागून वर उचलते, अन् वर उचलताना धारेच्या टोकाला गोल करून टाकते. लेप जितका जाड अन् हात जितका जड तितकी धार गोल.

आता तो कागद. इंग्रजीत छापलेला, त्यात लिहिलं होतं की चामड्यावर सगळीकडं भरपूर थर द्या, रंग एकसारखा दिसला पाहिजे. मी पडलो आज्ञाधारक. कांडी कोरडी होती, नीट पसरेना, मग मला सुचली हुशारी. घरी जवसाचं तेल होतं, चटणीवर घ्यायला आणतो ते. दोन चमचे तेल टाकून बोटानं घोटलं, मस्त हिरवागार लेप झाला, पुरणपोळीच्या पुरणासारखा जाड. फोटो काढून ग्रुपवर टाकला. पोरं म्हणे भारी.

जवसाचं तेल वाळते. हे मला माहीत असायला पाहिजे होतं, कारण माझा बाप बैलगाडीच्या लाकडाला तेच तेल लावायचा, दोन-चार दिवसात त्याची पापडी धरते म्हणूनच लावायचा. चौथ्या दिवशी माझ्या फळीवर चिकट साय आली, त्यात वस्तरा फिरवला तर चिकटून चिकटून चालते, मधेच अडकते. तरी चाळीस-पन्नास फेरे मारले. दाढी केली तर केस कापण्याऐवजी ओढून राहिला, डोळ्यातून पाणी. वरच्या ओठावर दोन जागी रक्त. ८००० च्या दगडावरून उतरलेली धार बरी होती की हो, मी ती ११५० रुपये देऊन घालवली.

आमच्या गावात सलूनवाले एक काकाजी आहेत, सत्तरीच्या पुढचे. दुकान आता पोरगा पाहते, ह्यांचा धोकटीचा जमाना, घरोघरी जाऊन दाढी करायची अन् सुगीला ज्वारी घ्यायची. त्यांना फळी नेऊन दाखवली. त्यांनी बोटानं लेप खरवडला, वास घेतला, माझ्याकडं पाहिलं.

"कायले लावलं बाप्पा हे इतकं? वस्तरा परजाचा हाय का भितीले रंग द्याचा हाय?"

मी म्हटलं काकाजी, कागदावर तसंच लिहिलं होतं. "कागदाले दाढी येते का?" म्हणे.

काकाजींनी जन्मात कधी अशी कांडी वापरली नाही. निसण्यावर म्हणजे धारेच्या दगडावर धार काढायची, मग चामड्याच्या पट्ट्यावर परजायचं अन् शेवटी तळहातावर. तळहाताला त्यांच्या अजून त्या जागी कातडी घट्ट आहे. त्यांचं मत असं की, "रोज परजलं असतं त मलम लावाची पाळीच आली नसती." अर्धं खरं आहे ते. अर्धं नाही, कारण त्यांच्याकडं निसण्यावरचा चाळीस वर्षांचा हात आहे, माझ्याकडं पंधरा दिवसांचा. ज्याचा दगडावरचा हात कच्चा त्याला ८००० नंतर हा हिरवा टप्पा फार कामाचा आहे, असं मी सात महिन्यांनी पण म्हणतो. लेपाबद्दल त्यांना माहीत नव्हतं पण हाताबद्दल त्यांनी जे सांगितलं त्याच्या पुढं त्या कागदाची किंमत शून्य.

तर आधी फळी साफ केली. जाड लेप स्टीलच्या पट्टीच्या पाठीनं खरवडून काढला, मग फडक्यावर पेट्रोल घेऊन पुसलं, अंगणात, चुलीपासून दूर, अन् वाळल्यावर ३२० नंबरचा पॉलिश पेपर सपाट ठोकळ्याला गुंडाळून हलकेच फिरवला. तेलाची चिकटी गेली, चामडं परत लोकरीसारखं मऊ झालं. ही धूळ नाकात घेऊ नका, तोंडानं फुंकर तर मारूच नका, ओल्या फडक्यानं टिपून घ्या.

अन् मग दुसऱ्यांदा लावली ती अशी. खरबरीत अंगाला लावली, गुळगुळीत अंग कोरं ठेवलं. कांडीनं चामड्यावर फुल्या मारल्या, लहान पोरगं पाटीवर फुल्या मारते तशा, बोटबोटभर अंतर सोडून, दाब न देता. सगळी फळी मिळून दहा-बारा फुल्या. मधे चामडं उघडं दिसते, दिसू द्या. मग फळी उन्हात ठेवली. इंटरनेटवर सगळे म्हणतात हेअर ड्रायर मारा, आपल्याकडं त्याची काय गरज, मार्चमध्ये दुपारी बारा वाजता अंगणात दहा मिनिटं ठेवली की मेण मऊ पडते. मऊ पडल्यावर बोटाला प्लास्टिकची पिशवी गुंडाळून चोळलं, लांबीच्या दिशेनं, फुल्या दिसेनाशा होईपर्यंत. कांडी फारच कोरडी असली तर शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब, एकच, ते तेल वाळत नाही अन् चिकटत नाही. शेवटी जुन्या सिमकार्डाच्या मोठ्या प्लास्टिक कार्डानं जास्तीचं ओढून काढलं, अन् जुन्या कॉटनच्या धोतराच्या तुकड्यानं पुसलं. जे उरलं ते म्हणजे हिरवा थर नाही, हिरवी झाक. खालचं चामडं दिसलं पाहिजे. कापसाच्या पानावर सकाळी दव पडते ना, हात लावला तर ओला लागते पण थेंब धरता येत नाही, तितकं.

बस एवढंच, ह्याच्यापेक्षा जास्त लावलं तर पैसे पाण्यात अन् धार पण पाण्यात.

आता हात. काकाजींनी माझ्यासमोर बसून अर्धा तास करवून घेतलं, अन् पहिले वीस मिनिटं कोऱ्या बाजूवरच, हिरव्या बाजूला हात लावू दिला नाही. वस्तरा सपाट झोपवायचा, पाठ अन् धार दोन्ही चामड्याला टेकलेल्या. "पाठ पह्यले, धार मांगं," म्हणजे पाठीकडून ओढत न्यायचा, धार मागून फरफटत येते. टोकाला गेल्यावर वळवायचा तो पाठीवर, धार वर करून, मग परत. "धारेवरून फिरवला त पट्टाबी गेला अन् वस्तराबी गेला." माझ्या फळीवर एक चीर आहे, ती काकाजींकडं जायच्या आधीची. फळी अडीच इंचाची अन् पातं तीन इंचाचं, म्हणून ओढताना जरा तिरकं सरकवायचं, टाचेपासून टोकापर्यंत सगळी धार चामड्यावरून गेली पाहिजे, नाहीतर टोकाला धार अन् टाचेला बोथट. अन् दाब? "वस्तऱ्याले त्याचं त्याचं वजन असते, तू आपलं देऊ नको."

हे म्हणायला सोपं आहे. मी कोयता, विळा, कुऱ्हाड ह्यांना धार लावणारा माणूस, हाताला दाबायची सवय. शेवटी मी मूठ दोन बोटात धरून करायला लागलो, दाबताच येत नाही मग.

हिरव्या बाजूवर दहा फेरे. एक जाणं अन् एक येणं मिळून एक फेरा. फार तर पंधरा. फिरवताना फळीवर काळसर रेघा उमटतात, घाबरू नका, ते पोलाद आहे, म्हणजे काम चालू आहे. मग वस्तरा पुसायचा, फडक्यानं, दोन्ही बाजू, कारण हिरवे कण कोऱ्या बाजूवर गेले की ती बाजू कोरी राहिली नाही, अन् चामड्यात एकदा मुरलेले कण सहज निघत नाहीत. मग कोऱ्या बाजूवर पन्नास फेरे. ह्यावरून आठवलं, माझ्या मते एकाच फळीच्या दोन बाजूंना हिरवं अन् कोरं ठेवणं हीच ह्या मालाची मोठी चूक आहे. पाठची बाजू मांडीवर घासते, हाताला लागते, तोच हात पुढं जाते. अर्धा स्टार इथं कापला. मी आता रोजच्या परजण्यासाठी वेगळा पट्टा केला, म्हशीच्या चामड्याची लांब पट्टी घेतली अन् खिडकीच्या गजाला हुक लावून टांगतो. त्याला कांडी लावायचा मोह होते, लावू नका. टांगलेला पट्टा मधे झोल खाते अन् लेप असला की तो झोल धार आणखी गोल करते. लेप नेहमी फळीवर.

रिझल्ट सांगतो. दुसऱ्या खेपेला आधी ८००० च्या दगडावर थोडा वेळ घालून धार परत उठवली, मग दहा हिरवे, पन्नास कोरे. बायकोचा गळलेला केस चिमटीत धरून धारेवर टेकवला तर पट्कन तुटून पडला. अंगठ्यावर धार पाहू नका, कुऱ्हाड नाही ती, अंगठाही जाते अन् धारही. दाढी केली ती आरओच्या पाण्यानं, गावातल्या पाण्याच्या एटीएमवरून वीस लिटरचा कॅन आणतो त्यातून एक तांब्या, कारण खाऱ्या पाण्यात फेस बसत नाही अन् फेस नसला की धारेला दोष लागते. गालावरून वस्तरा गेला तर आवाज आला, सरसर, कोरड्या पानावरून सरडा जाते तसा. जाळ नाही. तुरटी फिरवली तरी चुरचुरलं नाही, अन् तुरटी खोटं बोलत नाही. हनुवटीखाली अजून मला जमत नाही, तो फळीचा दोष नाही.

हिरवी बाजू आता महिन्यातून एकदा, कधी दीड महिन्यातून. दाढी ओढायला लागली वाटलं की दहा फेरे. त्या दुसऱ्या खेपेनंतर दगड परत काढावा लागला नाही. काकाजी म्हणतात ते हेच, रोजचं परजणं चुकवू नको.

काही जण विचारतील की एवढ्या पैशात घ्यायचं कशाला, घरीच करू. फळी घरी होते, नक्की होते. सागवानाची रंधा मारलेली सपाट पट्टी सुताराकडं मिळून जाते, चामडं चिकटवलं की झालं. कांडीच्या बाबतीत मात्र मी दोन-तीन उद्योग करून बसलो. माझा साडू भंडाऱ्याला आहे, तिथं पितळी भांड्यांचं काम मोठं, पॉलिशवाल्याकडून त्यानं हिरवा लस्टर आणून दिला, बफच्या चाकाला लावतात तो. दिसायला सेम. पण त्याचं काम स्टील-पितळ चमकवायचं, त्यात दुसरा जाड दाणा मिसळलेला असू शकते, अन् भिंगातून पाहिलं तर माझ्या धारेजवळ बारीक ओरखडे दिसले जे ह्या कांडीनं येत नाहीत. सुरीला, विळीला तो लस्टर एक नंबर. गालाला नाही. गावातल्या मित्रानं लादीच्या सिमेंटमध्ये टाकायचा हिरवा रंग तेलात कालवून लावला, हार्डवेअरच्या दुकानातून वीस रुपयाचा, त्याच्या वस्तऱ्याची काय गत झाली विचारू नका, त्यात भर असते अन् दाणा लहान-मोठा. लाल लेप पण मिळते, तो लोहाचा ऑक्साइड, हिरव्यापेक्षा बारीक, हिरव्याच्या नंतर मारतात. पोळ्याला बैलाच्या अंगावर ठप्पे मारतो तो गेरू पण लोहाचाच, पण त्यात माती अन् वाळू, तेव्हा ती आयडिया डोक्यातून काढा. मी काढली. ज्यांचं बजेट आहे त्यांनी पाव मायक्रॉनचा हिऱ्याचा स्प्रे पाहावा, फार जोरात कापते म्हणतात, पण नवशिक्याची चूक पण तितक्याच जोरात होते.

आता उरलेला एक स्टार. अर्धा कागदाचा, ते झालं. अर्धा गोंदाचा. मे महिन्यात पारा ४५ च्या वर गेला तसं एका टोकाला चामडं सुटलं, टिनाच्या खोलीत ठेवली होती ही माझी चूक धरली तरी विदर्भात विकायचं तर गोंद विदर्भाच्या उन्हाचा पाहिजे ना. स्टँडवर चप्पल शिवणारे दादा बसतात, त्यांच्याकडून सोल्युशन लावून घेतलं, रात्रभर वर पाटा ठेवला, तेव्हापासून ठीक आहे. विकणाऱ्याला फोटो पाठवला होता, उत्तर आलं ते आठ दिवसांनी, त्यात "सर, प्रॉडक्ट थंड जागी ठेवा". मे महिन्यात थंड जागा कुठं आहे ते पण सांगितलं असतं तर आम्ही सगळेच तिथं गेलो असतो. अन् कांडीवर मायक्रॉन छापलेला नाही. सांगायला पाहिजे, कारण गिऱ्हाईक त्याचेच पैसे देते.

ठेवायचं कसं तर कापडी पिशवीत, वर पॉलिथिन. तुरीची मळणी चालू असली की घरभर बारीक माती बसते, त्यातला एक कण चामड्यावर बसला अन् त्याच्यावरून वस्तरा गेला की धारेला दात पडते. मी परजायच्या आधी दर वेळी तळहातानं फळी पुसतो, काकाजी पुसतात तशी. पावसाळ्यात बुरशी आली होती एकदा, कोरड्या फडक्यानं पुसून दोन तास हवेत ठेवली, गेली.

अन् हो, त्या पेजवर खाली "रिफिल कांडी ३०० रुपये, सोबत घ्या" असं येते, तिथं बोट चुकून दाबू नका. सात महिन्यात दोनदा लेप दिला, त्यातला एक तर मूर्खासारखा जाड, तरी माझी कांडी नखाएवढी पण झिजली नाही.